अण्णांचा अँप आणि माझे कान

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आईवडिलांच्या आधी अण्णांचं नाव सांगतो. ते माझे नात्याने कुणी नव्हते. सोलापुरात भवानी पेठेत त्यांचं लाउडस्पीकर आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. ते अक्कलकोटकडचे, घरात कानडी बोलणारे, कपाळावर भस्माचे पट्टे. आम्ही सांगोल्याकडचे, मेंढरं राखणारे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो अण्णांमुळे, हे मी आजवर प्रत्येक सत्काराच्या भाषणात सांगितलं. त्यांचं दुकान माझ्यामुळे बंद पडलं, हे मात्र एकाही भाषणात सांगितलं नाही. कारण माझ्या मते त्यात माझा दोष नव्हता. मी खरं तेच बोललो होतो, असं मी बारा वर्षं धरून चाललो.

बी.एस्सी.ला सोलापूरला आलो तेव्हा एका यंत्रमाग कारखान्याच्या मागच्या खोलीत राहत होतो. सकाळी आठला कॉलेज, दुपारी दोनपासून रात्री आठपर्यंत टॉवेलच्या मागावर काम. एकदा सकाळी साडेसहाला चहाला बाहेर पडलो, तर एका अर्धवट उघड्या शटरमागून गिटारचा आवाज आला. वाजवणाऱ्याला गिटार येत नव्हती. तो एकच तार छेडायचा, थांबायचा, परत तीच छेडायचा. मला मात्र तिथून हलवेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी शटर आणखी हातभर वर गेलं आणि आतून अण्णा म्हणाले, "काय रे तम्मा, कालपण हुबा होतास. कॉलेज न्हाय का तुला?"

"हाय की. आठला."

"मग आत ये. भाईरनं ऐकून गिटार येत नसती."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. पुढे त्यांनी मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नाही.

ते एका ऑर्केस्ट्राचा दुरुस्तीला आलेला अँप तपासत होते. अण्णांची एक पद्धत होती. दुरुस्ती दिवसभर चाले, पण अँपचा आवाज लावायचं काम, म्हणजे कडक किती, मऊ किती, कुठे फाटतो, कुठे घुमतो हे ठरवायचं काम, ते फक्त सकाळी करत. पेठेतले माग सातला सुरू व्हायचे. त्याआधी त्यांचं ते काम संपलेलं असे. गिऱ्हाईक दुपारी घाई करू लागलं तरी ते ऐकत नसत. "सकाळी या. दुपारनंतर कानावर इस्वास ठेवायचा न्हाय," म्हणत. पेठेत लोक त्यावर हसायचे. मीही हसायचो. कुणी मंगळवारी दाढी करत नाही, तसंच काहीतरी असेल, असं मला वाटायचं.

पहिल्या वर्षी मी भौतिकशास्त्रात नापास झालो. पुस्तकातला विद्युतप्रवाह मला कळत नव्हता. अण्णांनी तो सोल्डर करता करता शिकवला. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, तेही कानडी शाळेत. पण कपॅसिटरबद्दल ते असं बोलत, जणू तो घरातला माणूस आहे. "ह्यो सावकाश भरतोय आणि लगीच रागावतोय, ह्याला सांभाळून." त्याच विषयाच्या पुढच्या परीक्षेत मी वर्गात दुसरा आलो. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेली आणि कधीच परत न नेलेली गिटार त्यांनी मला वाजवायला दिली. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाकरी करताना माझ्या दोन जास्त थापत आणि वर "ह्याला मेंढराएवढी भूक हाय" असं सुनवत.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे पाऊस झाला नाही. वडिलांनी निरोप धाडला, कॉलेज सोड आणि मेंढरांमागे ये. मी पेटी बांधली. अण्णांनी ती पाहिली आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर एसटीत बसले. आमच्या वस्तीवर पोचायला दुपार झाली. वडील लिंबाखाली बसले होते. पाणी दिलं, तंबाखू पुढे केली, अण्णा ती खात नव्हते.

वडील म्हणाले, "तुमी लांबनं आलासा, बरं वाटलं. पर शिकून काय करनार त्यो? मेंढरं मोजाया पदवी लागती व्हय?"

अण्णा म्हणाले, "मोजाया न्हाय लागत. इकायची पाळी आली की समोरचा कागद वाचाया लागती."

"इकायची पाळी आलीच हाय की."

"मग वाचणारा एक तयार असू दे घरात. दीड वरीस ऱ्हायलंय. तवर त्याचं जेवण माझ्याकडं."

वडिलांनी पायाशी आलेलं कोकरू उचलून कळपाकडे सोडलं. मग मला म्हणाले, "जा मग. पर मागं बगू नगंस." येताना एसटीत अण्णा खिडकीला डोकं टेकून झोपले. त्यांना एसटी सोसत नसे, दोनदा उलटी झाली होती. असा तो माणूस होता.

मी पदवीधर झालो त्या दिवशी अण्णांनी मला त्यांच्या हातचा अँप दिला. पेटी जुन्या शिसवी कपाटाच्या फळ्यांची, आत स्पीकर एकच, पुढे चार बटणं. माझ्यासमोर पार्ट पुण्याहून मागवले होते, तरी तो माझ्यासाठी आहे हे मला कळू दिलं नव्हतं. पहिल्यांदा दुकानात सकाळी वाजवला तेव्हा प्रत्येक तार वेगळी, स्वच्छ ऐकू आली. वरच्या तारा काचेसारख्या. वहिनी आतून बाहेर येऊन ऐकत उभ्या राहिल्या.

खोलीवर नेला आणि तिथे गडबड सुरू झाली. नोकरी अजून नव्हती, म्हणून मी मागावर पूर्ण दिवसपाळी धरली होती. पाळी सुटल्यावर संध्याकाळी अँप लावला की त्यावर कुणीतरी चादर टाकल्यासारखा आवाज यायचा. वरच्या तारांची धार गेलेली. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी मात्र तो पुन्हा पहिल्यासारखा वाजायचा. दुसऱ्या दिवशी परत चादर. बटणं तीच, गिटार तीच, खोली तीच.

गिटार वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, हा अनुभव बहुतेकांना असतो. काल छान वाजलेला अँप आज मेल्यासारखा वाजतो. कुणी म्हणतो तारा जुन्या झाल्या, कुणी म्हणतो हवा दमट आहे, कुणी लाइटवर ढकलतो. मी तर नुकताच विज्ञानाचा पदवीधर झालेलो. मी वही घातली. रोज व्होल्टेज मोजायचं, तारा किती दिवसांच्या ते लिहायचं, अँप भिंतीपासून किती लांब ते लिहायचं, आणि शेवटी आवाज कसा ते, दहापैकी गुण देऊन. सुट्टीच्या दिवशी माग बंद असल्याने व्होल्टेज थोडं चढायचं, तेवढ्याने मला आशा वाटली. मित्राकडून स्टॅबिलायझर आणून लावला. व्होल्टेज एका जागी राहिलं, आवाज राहिला नाही. तारा नव्या घातल्या. अँप कोपऱ्यातून मधे आणला. एकेक कारण मी खोडलं आणि शेवटी एकच उरलं. आतले पार्ट टिकाऊ नाहीत. कधी बरे चालतात, कधी दगा देतात.

त्या वहीत मी सगळं मोजलं. दिवसभर चाळीस माग एका छपराखाली धडधडत असताना मी त्यांच्यात उभा होतो, हे मात्र मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही. लिहायचं असतं हे सुचलंच नाही. पेठेत मागाच्या आवाजाला आवाज म्हणायची पद्धत नव्हती. तो हवेसारखा असायचा. कारखान्यात आम्ही हातवारे करून बोलायचो, घरी जाऊन ओरडून बोलायचो, आणि पेठेबाहेरचे लोक आम्हाला भांडखोर समजायचे. कुणी कुणी कानात सुताचा बोळा घालत, तर जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, चिडवायचा, "नवी नवरी आली बग, डूल घालून." मी कधी बोळा घातला नाही.

याच दिवसांत एका ऑर्केस्ट्राच्या मालकांनी माझा अँप एका सुट्टीच्या दिवशी ऐकला. ते गावोगाव लग्नाचे आणि गणपतीचे कार्यक्रम करत. त्यांना तो इतका आवडला की तसे सहा अँप अण्णांकडून करून घ्यायचं त्यांनी ठरवलं. अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे अँप उघडले होते. स्वतःच्या हातचे सहा अँप स्टेजवर दिसणार, ही त्यांच्यासाठी किती मोठी गोष्ट होती हे मला माहीत होतं. त्यांनी पुण्याहूनच पार्ट मागवून पहिला तयार केला. तो ऐकायला मालकांनी एका संध्याकाळी पाचला दुकानात यायचं ठरवलं. अण्णांनी सकाळी बोलावलं होतं. मालक म्हणाले, "सकाळी आम्ही झोपतो हो. संध्याकाळीच बघू." मलाही बोलावलं. मी पाळीवरून थेट गेलो, अंगावर सुताचे तंतू तसेच.

मी दहा मिनिटं वाजवलं. चादर तिथेही होती. मालक खुर्चीत बसून मान डोलवत होते. "मला तर झकास वाटतोय. पण आमच्या कानाला काय कळतंय? तू सायन्सचा माणूस, तू सांग."

मला कुणी सायन्सचा माणूस म्हणायची ती पहिलीच वेळ. मी म्हणालो, "आवाज बसलाय. माझाही असाच बसतो."

अण्णा हातातलं फडकं ठेवून म्हणाले, "तम्मा, तू आत्ता मागावरनं आलायस. उद्या सकाळी अंघोळ करून ये, पोटभर झोपून ये. मग वाजीव."

आज ते वाक्य सरळ कळतं. त्यात टोमणा नव्हता. त्या दिवशी मला एवढंच ऐकू आलं की मालकांसमोर माझी जागा दाखवली जात आहे. पदवी घेतली तरी तू मागावरचाच, सुताने माखलेला, तुला काय कळतंय. माझे कान तापले. मी म्हणालो, "मी महिनाभर मोजमाप केलं आहे. दोष पार्टमध्ये आहे." अण्णांशी मी गावाकडचं बोलत असे. त्या दिवशी पुस्तकातलं बोललो.

अण्णांनी अँपचे स्क्रू काढले. झाकण बाजूला ठेवलं आणि बॅटरीचा उजेड आत धरला. "बघ. एकूण एक नवा हाय. तू नाव वाच, तुला इंग्रजी येतंय."

मी वाकून पाहिलं. सगळे पार्ट चकचकीत होते. मी म्हणालो, "दिसायला नवे आहेत."

भंगारातले पार्ट घासूनपुसून नवे म्हणून खपवणारे लोक बाजारात होते, हे तिघांनाही माहीत होतं. अण्णांनी बॅटरी विझवली. स्क्रू एकेक करून परत बसवले. मालक उठले आणि म्हणाले, "बघू मग, कळवतो."

त्यांनी कळवलं नाही. पुण्याहून तयार अँप आणले. पण एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. ते बॅन्डवाल्यांत, मंडपवाल्यांत बसणारे माणूस. जिथे बसले तिथे सांगत गेले, "मी नाही म्हणत, त्यांनी जेवायला घातलेल्या पोरानंच सांगितलं. सायन्सचा पदवीधर आहे. जुने पार्ट टाकतात." दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पेठेने विश्वास ठेवला नसता. माझ्यावर ठेवला. वर्षभरात अण्णांच्या शटरसमोर स्कूटर थांबायच्या कमी झाल्या. मी दुकानात जाणं बंद केलं होतं. माझा अँप मी विकून टाकला. पुढची पदवी घेतल्यावर मला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायची नोकरी लागली त्याच सुमारास अण्णा दुकान मोडून गावी गेले. आता ते तिथे घरच्या ओट्यावर मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. पेठेतल्या दुकानात मोबाईलची कव्हरं मिळतात.

यंदा वर्गात मागच्या बाकावरच्या मुली काय बोलतात ते मला कळेनासं झालं. त्या हळू बोलतात असं मी धरून चाललो होतो. एकदा एका मुलीने तोच प्रश्न तीनदा विचारला आणि वर्ग हसला. मी कान तपासायला गेलो. डॉक्टरबाईंनी एका बंद खोलीत बसवून कानात बारीक बारीक आवाज सोडले. बाहेर आल्यावर कागदावरचा आलेख दाखवला. डावीकडून सरळ आलेली रेघ उजवीकडे विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती.

"मागावर काम केलंय का?" त्यांनी विचारलं. मी सोलापूरचा आहे एवढंच त्यांना माहीत होतं.

"कॉलेजात असताना आणि नंतर थोडे दिवस. मिळून चार वर्षं."

"तेव्हा सुट्टीच्या दिवशी बरं ऐकू यायचं का?"

मी मान हलवून हो म्हटलं. त्या सांगत राहिल्या. दिवसभर मोठ्या आवाजात राहिलं की कान थकतो, बारीक धारदार आवाज आधी जातात, रात्रभर शांत राहिलं की परत येतात. म्हणून माणसाला काही बिघडलंय असं वाटत नाही. पुढे पुढे परत येणं कमी होतं. मग एक दिवस येतच नाही. माझं आता येणार नाही.

मी बाहेरच्या बाकावर बसलो. बरोबर कुणी नव्हतं ते बरं झालं. ध्वनीवर मी दरवर्षी बारा तास शिकवतो. कंपनसंख्या, तीव्रता, डेसिबल. मानवी कानाची आकृती फळ्यावर हाताने काढतो, मुलं तिचे फोटो काढतात. अण्णांना यातला एक शब्द माहीत नव्हता. त्यांना एवढंच माहीत होतं की मागाच्या पेठेत राहणाऱ्या माणसाने आवाज सकाळी ऐकावा. तरुणपणी ते स्वतः मागावर होते, हे वहिनी एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या. मी पुढे विचारलं नव्हतं. शिकलेल्या माणसाला विचारायची सवय राहत नाही, निदान मला राहिली नाही.

आधी मी ऑर्केस्ट्राच्या मालकांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. ते हसले. "अरे, कुठलं काढलंस? किती वर्षं झाली. मी तर तेव्हाच म्हणत होतो, मला झकास वाटतोय."

"मग लोकांना का सांगितलंत?"

"मी कुठं सांगितलं? तूच सांगितलंस."

मी त्यांच्या घरचा चहा तसाच ठेवून उठलो, तेवढाच माझा राग. मग घरी येऊन अण्णांना पत्र लिहिलं, त्यांची धाकटी मुलगी, जिला मी ताई म्हणतो, ते वाचून दाखवेल असं धरून. फोन केला असता तर त्यांनी "असू दे रे" म्हणून विषय संपवला असता, आणि मी सुटलो असतो. पत्र पाठवून दीड महिना झाला. उत्तर आलेलं नाही, यावं अशी माझी अपेक्षाही नाही. पेठेतल्या ज्यांनी तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी ते वाचावं, म्हणून इथे देतो.

अण्णा,

पाया पडतो. तुम्हाला मराठी वाचायला त्रास होतो, तेव्हा हे धाकट्या ताईकडून वाचून घ्या. तिच्यापासून यातलं काही लपवू नका.

मी माझे कान तपासून घेतले. ते मागावर गेले. तेव्हाच जायला लागले होते. संध्याकाळी मला जो आवाज बसलेला वाटायचा तो बसलेला नव्हता, मला ऐकू येत नव्हता. तुमच्या दोन्ही अँपमध्ये काही दोष नव्हता. तुम्ही मला सकाळी यायला सांगितलं होतं. मी आलो असतो तर तिथल्या तिथे कळलं असतं. मी आलो नाही, कारण तुम्ही मला मालकांसमोर मागावरचा म्हणालात याचा मला राग आला होता. मी मागावरचाच होतो.

मालकांनी ऐकलेल्या त्या अँपचे पार्ट नवे होते. ते पुण्याहून आले तेव्हा खोकं मीच फोडलं होतं. हे त्या दिवशीही मला आठवत होतं. तरीही मी बोललो. कानाचं मला माहीत नव्हतं, पण खोक्याचं माहीत होतं. त्यामुळे कानावर सगळं ढकलता येत नाही.

मालकांना सांगून आलो. त्यांना काही वाटलं नाही. मंडपवाले, बॅन्डवाले आणि पेठेतली तुमच्या वेळची दुकानं, सगळीकडे स्वतः जाऊन सांगतो आहे. काही जण म्हणतात, कोण अण्णा. त्यांनाही सांगतो.

तुम्ही बोलावल्याशिवाय मी गावी येणार नाही. वहिनींना सांगा किंवा सांगू नका, ते तुम्ही ठरवा. त्या माझ्याबद्दल काय म्हणतात ते मला कळवू नका.

ताई, हे तू वाचत असशील तर तुझ्यासाठी एक. तुझ्या वडिलांनी कुणाच्याही अँपमध्ये जुना पार्ट घातला नाही. ते मी म्हणालो होतो, आणि ते खोटं होतं.

तुमचा तम्मा